एका बाईचं 'आलो'

कणकुंबीच्या वर, कारवीच्या रानात
आम्ही तिघं. धारवाडच्या हिरेमठ मॅडम,
वाट दाखवणारा सातेरी,
आणि माईक धरायला मी.
भाद्रपद निम्मा सरलेला. जळवा मोज्यांवरून वर चढायच्या,
सातेरीच्या चुन्याचं बोट लागलं की गळून पडायच्या.

एका फांदीवर दोन बेडूक,
अंगठ्याच्या नखाएवढे. दोघंही हळदी,
दोघांच्या पाठीवर तीच तपकिरी फुली.
मी म्हटलं, भाऊ असतील.
मॅडम हसल्या. बॅटरी विझवा, म्हणाल्या, आता ऐका.

टिक्. टिक्.
अंधारात कुणी सुपारी कातरत बसलंय तसा एक.
दुसरा किर्रर्र, एकसलग,
शिंप्याच्या मशीनवर परकराची लांब शिवण.

मादी खालच्या पानावर.
सुपारीवाला तिच्यापासून वीतभर,
गळ्याचा फुगा ताणून ताणून ओरडायलाय,
तिला त्याचं काही नाही.
ऐकू येत नाही असं नाही.
येतं, खरं हाक म्हणून येत नाही,
पानावरून पाणी गळावं तसं येतं.
ती वळली शिवणीकडं.
दीड हात चढायला तिला तास लागला.
तेवढा वेळ आम्ही उभे, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर.

"आणि जबरदस्तीनं एकत्र ठेवलं तर?" सातेरीनं विचारलं.
ठेवलं होतं, मॅडम म्हणाल्या, काचेच्या पेटीत.
अंडी घातली. बहुतेक पांढरी पडली.
एक पिल्लू जगलं, वाढलं, ओरडलंसुद्धा.
त्याची हाक दोन्हीकडच्या एकीलाही कळली नाही.
"खेचर," सातेरी म्हणाला.
त्याचा आजा बेळगावच्या कॅम्पात खेचरं सांभाळायचा.
ओझं सांगाल तेवढं. पुढं वंश नाही.

मग कुणी बोललं नाही.
मी आईचा विचार करत होतो.

होतो. आमच्याकडं बायकाही होतोच म्हणतात,
आलो, गेलो, जेवलो.
पुण्याची जाऊ अजून तोंडाला पदर लावते.

आई बैलहोंगलची. बाबा खानापुरात
लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचे.
ते 'ये' म्हणाले असतील, तिनं 'बा' ऐकलं असेल,
किंवा काहीच ऐकलं नसेल, नुसती वळली असेल.
किती हात चढायला किती वर्षं लागली
हे दोघांनीही कधी सांगितलं नाही.
तिच्या भाषेत बाई आली काय, बाप्या आला काय,
स्वतःपुरतं क्रियापद एकच: बंदे.
आमचं 'आलो' तिथूनच झिरपलं काय की.
तिच्याही कितीतरी आधी, कुठल्या सुनेनं
कुठल्या चुलीपाशी सांडलं, कुणास ठाऊक.
मला तीन पोरं आहेत. मी खेचर नाही.

मॅडमना विचारलं, भाषेचं असं होतं का हो?
"ते माझ्या विषयात येत नाही."
वहीत कन्नडात दोन ओळी लिहिल्या,
टोपण लावलं, काढलं.
"रानातही भिंत कधीमधी ओली होते.
आलेखात एखादी हाक मधलीच उमटते,
धड ही नाही, धड ती नाही.
आम्ही तिला चूक म्हणतो
आणि माईकचे सेल बदलतो."

उतरताना धुक्यात मागं राहिलो.
खालून सातेरीनं हाक मारली.
कुठल्या भाषेत, आता आठवत नाही.

टेपवर शेवटी तेवढंच आहे:
टिक्, टिक्, लांब शिवण,
आणि मध्येच एका बाईचं 'आलो'.
मॅडमनी ते कापायला सांगितलंय.
कापतो म्हटलं.
दोन महिने झाले.